बर्फ नसलेल्या महिन्यांचा हिशेब

बर्फावर शिकवण्याचं आणि डोंगरात बॅच घेऊन जाण्याचं हंगामी काम मी केलं आहे. म्हणून आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी, देवळी, हिंगणघाटकडच्या कुणा मुलाने वा मुलीने या कामाची चौकशी केली, की दिवसाला किती मिळतात हे सांगण्याआधी मी विचारतो, बर्फ नसेल त्या महिन्यांत काय करणार? कुणाचा हुरूप घालवण्यासाठी हा प्रश्न नसतो. उतारावर पहिल्यांदा तोल सावरणाऱ्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखं समाधान फार थोड्या कामांत आहे. पण या धंद्याची रचना अशी आहे, की बर्फ पडला नाही, रस्ता खचला, न्यायालयाचा आदेश आला किंवा साथ आली, तर त्याची झळ साखळीतल्या शेवटच्या माणसाला, म्हणजे रोजावर काम करणाऱ्या इन्स्ट्रक्टरला सर्वांत आधी बसते. हंगामात हाती येणारी रक्कम ही सबंध वर्षाची कमाई असते आणि तिच्यात या जोखमीची किंमतही धरलेली असते. तिला महिन्याचा पगार समजून खर्च करणारा पहिला वाईट हिवाळा आला की कर्जात जातो.

आधी वर्षाची मांडणी पाहू. मनालीजवळच्या सोलंगला आणि उत्तराखंडातल्या औलीला शिकवण्याजोगा बर्फ साधारण जानेवारी-फेब्रुवारीत असतो. काश्मीरमधल्या गुलमर्गला गोंडोला, म्हणजे रोपवे, थेट अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत नेते, त्यामुळे तिथला हंगाम डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत चालतो. म्हणजे निव्वळ स्कीइंगवर वर्षाचे दोन-तीन महिने भरतात. उरलेल्या महिन्यांसाठी ट्रेकच्या बॅचेस धराव्या लागतात: उन्हाळ्यात हिमाचल आणि उत्तराखंड, पावसाळ्यात हम्प्टा खिंड किंवा काश्मीरची सरोवरं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा उत्तराखंड. कागदावर हे बारमाही दिसतं. प्रत्यक्षात मार्च-एप्रिलमधले काही आठवडे, पावसाची सुरुवात आणि नोव्हेंबर बहुतेक रिकामे जातात, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाण्याचे दिवस कुणी मोजत नाही. राहणं-खाणं फुकट असल्यामुळे सगळाच पैसा शिल्लक पडतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. बॅच चालू असते तोवर ते खरं आहे. दोन बॅचेसच्या मधे मनालीत किंवा डेहराडूनला खोली आणि जेवण आपल्या खिशातून, सेवाग्राम स्थानकावरून दिल्ली आणि पुढची रात्रीची बस आपल्या खिशातून, बूट, हातमोजे, जाकीटही आपल्याच खिशातून. दक्षिण गोलार्धातला हिवाळा जोडून वर्ष भरणारे परदेशी इन्स्ट्रक्टर आहेत, हेही खरं. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्षाला १,००० वर्किंग हॉलिडे व्हिसा खुले केले, पण ते सोडतीने मिळतात. सोडतीवर वर्ष बांधता येत नाही.

जोखीम कुणाच्या माथी पडते, याला गेल्या काही वर्षांचा इतिहास साक्षीला आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. गवताळ कुरणांच्या रक्षणासाठी तो आदेश होता आणि त्यामागची चिंता रास्त होती, पण रूपकुंडसारखी वाट त्याने एका दिवसात बंद पडली आणि तिच्यावर पोट असलेले गाइड, स्वयंपाकी, खेचरवाले रिकामे झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती उन्हाळी हंगामाच्या तोंडावर. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले, तिथून औलीला जाणारा रोपवे थांबला, आणि त्याच हिवाळ्यात बर्फाअभावी औलीतल्या स्पर्धा रद्द झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार ऐन हंगामात कोरडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षी २२ एप्रिलला पहलगामचा हल्ला झाला आणि काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं बंद करण्यात आली. यांतल्या बहुतेक वेळी आयोजकाला तारीख पुढे सरकवता आली, पाहुण्याला पैसे परत किंवा दुसरी बॅच मिळू शकली. इन्स्ट्रक्टरचा बुडालेला दिवस मात्र बुडालाच. एखादं वर्ष वाईट निघालं असं म्हणून हे सोडून देता येत नाही. २०१८ पासूनची ही यादी पाहिली तर सरळ गेलेलं वर्षच शोधावं लागतं.

वर्ध्यात यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपली शेतीही हंगामीच आहे, कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्याला कोण बारमाही पगार देतं? आक्षेपात वजन आहे आणि शेतकऱ्याचं नुकसान पुरतं भरून निघत नाही, हे या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. तरी शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असतो, त्यावर पीककर्ज मिळतं, अपुरा का होईना पीकविमा असतो, अतिवृष्टी झाली तर पंचनाम्याची मागणी करता येते. बर्फ पडला नाही म्हणून पंचनामा होत नाही. हंगामी इन्स्ट्रक्टरकडे ना सातबारा, ना पगाराची स्लिप. कर्ज मागायला गेला तर बँकेला दाखवायला त्याच्याकडे काही नसतं. शेतकऱ्याकडून घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. कापसाच्या ओळींमध्ये तुरीची ओळ टाकल्याशिवाय इथला जाणता माणूस पेरणी करत नाही. इन्स्ट्रक्टरलाही अशी तुरीची ओळ हवी, आणि ती पहिल्या हंगामाला निघण्याआधी पेरलेली हवी.

दुसरा आक्षेप कौशल्याचा. अंगात कसब असेल तर काम मिळतंच, असं म्हणतात. इथे कठोर बोलावं लागेल. सोलंग खोऱ्यातली आणि गुलमर्गखालच्या तंगमर्गमधली मुलं शाळेच्या वयापासून स्कीवर असतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे-तीनशे मीटरवर वाढलेला, विशीनंतर पहिल्यांदा बर्फ पाहणारा मुलगा त्यांच्याशी उतारावर बरोबरी करू पाहील तर हरेल, आणि उताराच्या कामावर पहिला हक्क त्यांचाच आहे हेही मान्य केलं पाहिजे. मैदानी मुलाला डोंगर जमत नाही, असा याचा अर्थ नाही. मे २०१८ मध्ये मिशन शौर्य या मोहिमेतून शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट गाठलं. पण शिखर एकदा गाठायचं असतं, पोट रोज भरावं लागतं. आपल्याला जागा आहे ती वेगळ्या कामात: महाराष्ट्रातून येणाऱ्या शाळा-महाविद्यालयांच्या बॅचेस सांभाळणं, घाबरलेल्या मुलाशी मराठीत बोलणं, स्थानिक गाइडशी हिंदीत समन्वय राखणं, प्रथमोपचार, नोंदी, पालकांशी संपर्क. वैदर्भीय माणसाच्या तोंडी हिंदी सहज असते, तिचा इथे खरा उपयोग आहे. हे काम उतारावरच्या कसरतीइतकं देखणं नाही, पण ते जास्त टिकतं.

आता शरीराचं बघू. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले प्रशिक्षणार्थी गेले, तशाच त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू सर करणाऱ्या प्रशिक्षक सविता कंसवालही गेल्या. अनुभवी माणसालाही हिमस्खलन सोडत नाही. अशा कामात विमा हवा हे सगळे जाणतात, पण पॉलिसीची बारीक अक्षरं थोडेच वाचतात. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत विमा नियामकाने ठरवून दिलेलं एक अपवादाचं कलम असतं: साहसी खेळात व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेल्या इजेचा खर्च त्यात धरला जात नाही. म्हणजे एकाच उतारावर पडलेल्या पर्यटकाचा दावा चालू शकतो आणि त्याला शिकवणाऱ्याचा नाकारला जाऊ शकतो. म्हणून विमा घेताना आपला व्यवसाय स्पष्ट लिहा, आणि हे काम पॉलिसीत धरलं आहे असं लेखी उत्तर मिळाल्याशिवाय हप्ता भरू नका. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना आणि ई-श्रमवरची नोंदणी तर आजच करता येते. तेवढ्यावर भागणार नाही, पण ती नसणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे.

काम स्वीकारताना दिवसाचा दर विचारण्यात कुणी चुकत नाही. चुकतं ते पुढचं विचारण्यात: बॅच रद्द झाली तर किती मिळेल, थांबून राहण्याच्या दिवसांचं काय, जायचं-यायचं भाडं कोण देणार, जखमी झालो तर खाली कोण आणणार आणि खर्च कुणाचा, पैसे किती दिवसांत. मुलींनी मुक्कामाची स्वतंत्र सोय आणि तक्रार कुणाकडे करायची त्याचं नावही त्यात घालून घ्यावं. हे साध्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशात लिहून आलं तरी चालेल, पण लिहून यावं. लेखी द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडे कामाला जाऊ नये, मग त्याचा दर कितीही चढा असो. प्रशिक्षणाचंही तसंच. मनाली, उत्तरकाशी, दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थांत बेसिक कोर्सला ‘अ’ श्रेणी मिळाली तरच पुढचा अ‍ॅडव्हान्स कोर्स आणि त्यानंतर शिकवण्याचा कोर्स करता येतो. तयारी नसताना जाऊन खालची श्रेणी घेऊन येणारे स्वतःचीच वाट अडवून बसतात. वर्षभर पळून, पाठीवर ओझं घेऊन चढून मगच अर्ज करा.

तरुणपण एकदाच येतं, हिशेब पुढे करू, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो आणि सर्वांत धोक्याचाही. एक-दोन हंगाम अनुभवासाठी घालवणं वेगळं. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही. पण त्यावर संसार उभारायचा असेल तर गुडघे शाबूत आहेत तोवरच दुसरं काम हातात यायला हवं. शारीरिक शिक्षणाची पदवी, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देण्याची पात्रता, महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाखाली नोंदणी करून घरच्या भागातली शिबिरं, नाहीतर घरचं शेत किंवा दुकान, काहीही चालेल. जंगलाचं काम मात्र या पोकळीला पुरणार नाही, कारण जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पातली सफारीही पावसाळ्यात बंद असते. तेव्हा कोर्सचा अर्ज भरण्याआधी एका कागदावर बारा महिने लिहा, प्रत्येकापुढे पैसा कुठून येणार ते लिहा, आणि तो कागद घरच्यांना दाखवा. चारपेक्षा जास्त महिने कोरे राहत असतील, तर या वर्षी जाऊ नका. ते भरायला एक वर्ष घ्या आणि पुढच्या डिसेंबरात निघा.