छोट्या सॉ मिलवर मोठा ओंडका: मशीन बुक करण्याआधी एवढं वाचा

पोर्टेबल सॉ मिलच्या व्हिडिओत मशीन चालताना छान दिसतं. आडवं ब्लेड सरकतं, फळी अलगद सुटते, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा धंदा आपल्याला जमेल. जमेलही. पण व्हिडिओत न मावलेल्या तीन गोष्टी आहेत: परवाना, मोजमाप आणि सुकवणं. शिवाय बऱ्याच जणांना पडणारा एक प्रश्न आहे, तो म्हणजे मशीनपेक्षा ओंडका मोठा असेल तर काय करायचं? त्याचंही उत्तर देतो.

मी स्वतः हार्डवेअर आणि प्लायवूडचं दुकान चालवतो. त्यामुळे लाकूड विकत घेणारा सुतार काय बघतो, कशावर नाक मुरडतो, हे मला काउंटरवरून रोज दिसतं. खालचं सगळं त्या बाजूने लिहिलंय.

आधी कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, तरी गाळू नका. कारण इथे चुकलात तर मशीन जप्त होऊ शकतं, आणि मशीन जप्त झालं तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला, आणि तेव्हापासून देशभरातल्या आरा गिरण्यांवर कडक नजर आहे. पुढे २००२ मध्ये न्यायालयाने नवीन सॉ मिलला केंद्रीय समितीच्या पूर्वपरवानगीशिवाय राज्यांनी मंजुरी देऊ नये असं सांगितलं. २०१६ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने लाकडावर आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि राज्यपातळीवरच्या समित्यांकडे हे काम आलं. परवाना देताना त्या भागात लाकूड किती उपलब्ध आहे हे बघितलं जातं. म्हणजे नुसती जागा आणि पैसा आहे म्हणून परवाना मिळत नाही.

"साहेब, हे पोर्टेबल आहे, याला परवाना लागत नाही," असं विक्रेता सांगेल. त्याचं काम विकणं आहे, तो सांगणारच. तुम्ही उपवनसंरक्षक कार्यालयात मशीनचं माहितीपत्रक जोडून लेखी अर्ज द्या, आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" यावर पाच-सहा लाख लावू नका.

दुसरा कागद झाडाचा. झाड आपल्या परसात आहे म्हणून ते कधीही तोडता येतं, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ मध्ये अनुसूचित झाडांची यादी आहे. त्यात साग, खैर, चंदन तर आहेतच, पण आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन आणि किंजळही आहेत. ही झाडं खाजगी जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. तोडल्यानंतर लाकूड हलवताना वाहतूक पास लागतो का, हे त्या-त्या जातीप्रमाणे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. आणि एक सवय पहिल्या दिवसापासून लावा: गिऱ्हाईक ओंडका घेऊन आलं की आधी कागद बघायचा, मगच ओंडका उतरवून घ्यायचा. गिऱ्हाईक आपल्या भावकीतलं असलं तरीही!

मोजमाप: घेर भागिले चार

आपल्याकडे गोल लाकूड बहुतेक ठिकाणी चौथाई घेराने मोजतात. ओंडक्याच्या मध्यावर टेप फिरवून घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं.

आंब्याचा एक ओंडका धरू. घेर ८ फूट, लांबी ८ फूट. आठचा चौथा हिस्सा २. दोनाचा वर्ग ४. चार गुणिले आठ, म्हणजे ३२ घनफूट. बिल ३२ चं होईल.

पण गोल आकाराचं खरं गणित केलं, तर त्या ओंडक्यात जवळपास ४०.७ घनफूट लाकूड आहे. चौथाई घेर खऱ्या मापाच्या साधारण साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवतो. नवख्या माणसाला वाटतं, व्वा, नऊ घनफूट फुकट! फुकट काही नाही. ओंडका गोल आणि फळी चौकोनी, त्यामुळे सालीकडचे तुकडे जाणारच. ती घट आधीच धरून केलेला हा जुना व्यवहार आहे.

आता हाती काय येतं? खऱ्या मापाच्या निम्मं ते साठ टक्के फळ्यांत निघालं तर काम बरं झालं म्हणायचं. मध्यातला आकडा म्हणून आपण २२ घनफूट धरू. वाळताना तडकणाऱ्या, वाकणाऱ्या, किडलेल्या फळ्या बाजूला काढल्या की १९.

खालचे दर फक्त उदाहरणाचे आहेत, तुमच्या तालुक्यातले घाला. ओंडका ४०० रुपये घनफूट, म्हणजे १२,८०० रुपये. चढवणं-उतरवणं आणि गाडी ३,०००. चिराई ८० रुपयांनी २,५६०. सुकवणं, औषध, थप्पी लावणं २,०००. एकूण २०,३६०. याला ३२ ने भागू नका, २२ नेही नको. १९ ने भागा. विकण्याजोगं लाकूड तुम्हाला जवळपास १,०७० रुपये घनफुटाने पडलं. चारशेचं लाकूड सातशेला विकून तीनशे सुटतील असं जो मनात धरून बसलाय, त्याचा धंदा पहिल्याच ओंडक्याला तोट्यात आहे, आणि त्याला ते वर्षभर कळणारही नाही.

मशीनपेक्षा मोठा ओंडका

माहितीपत्रकात दोन आकडे असतात आणि लोक एकच वाचतात. एक, जास्तीत जास्त किती व्यासाचा ओंडका फ्रेममधून जातो. दोन, ब्लेड प्रत्यक्षात किती रुंद काप घेऊ शकतं. दुसरा आकडा नेहमी लहान असतो. समजा तुमच्या मशीनचे आकडे २६ इंच आणि २२ इंच आहेत. आपला वरचा आंबा साडेतीस इंच व्यासाचा. तो आत जाणारच नाही.

पहिला विचार येतो, चेनसॉने मधोमध उभा चिरून दोन भाग करू. करून बघा, उपयोग नाही! अर्धा भाग सपाट बाजू खाली ठेवून बसवला तर खालची रुंदी तेवढीच, साडेतीस. उभा केला तर उंची साडेतीस. म्हणून चार भाग करायचे. प्रत्येक चतकोराच्या दोन्ही सपाट बाजू साधारण पंधरा इंच येतात आणि काम आरामात मशीनच्या मापात बसतं. शिवाय झाडाचा अगदी मधला गाभा, जिथून फळी हमखास तडकते, तो चारही तुकड्यांच्या कोपऱ्यावर येतो. तिथून एक पट्टी काढून टाकली की विषय संपला.

हे करताना ओंडका आधी दोन्ही बाजूंनी पाचर मारून पक्का करा. दोन्ही टोकांवर ओळंब्याने उभी आणि आडवी रेघ मारा, मग गेरूचं सूत मारून त्या रेघा लांबीभर जोडा. अठरा इंची बार असेल तर एका बाजूने निम्मं आणि समोरच्या बाजूने निम्मं असं चिरा. साखळी लांबीत चिरण्यासाठी घासलेली हवी. आडवं कापायच्या साखळीने मशीन तापतं आणि माणूस वैतागतो. चिरेत पाचरी ठोकत पुढे जा, नाहीतर लाकूड आवळतं आणि बार अडकतो. ओला आंब्याचा असा ओंडका टनाच्या आसपास भरतो, तेव्हा चेनपुली आणि पहारी हव्यातच. चार माणसं लावून ढकलू, हा विचार सोडून द्या.

यात एक तोटा आहे, तो सांगतो. फळीची रुंदी पंधरा इंचांवर थांबते. गिऱ्हाइकाला टेबलासाठी अखंड अडीच फुटी स्लॅब हवा असेल, तर चतकोर करू नका. असा ओंडका मोठ्या चाकाच्या बँडसॉ आणि ट्रॉलीवाल्या जुन्या वखारीत न्या आणि चिराई देऊन मोकळे व्हा. माझ्या मते वर्षाला असे दोन-चारच ओंडके येणार असतील, तर त्यांच्यासाठी मोठं मशीन घेणं म्हणजे वर्षातून एकदा गावी जायला बस विकत घेण्यासारखं आहे.

ब्लेड खातं किती?

पंधरा इंच उंचीच्या तुकड्यात बारा-तेरा काप येतात. पातळ बँडसॉचा काप साधारण दोन मिलीमीटर. म्हणजे सगळे मिळून एक इंच भुसा. गोल करवतीचा काप सहा मिलीमीटर धरला तर तीन इंच भुसा. छोट्या बँड मिलचा खरा फायदा हा आहे. पण ब्लेड बोथट झालं किंवा ताण ढिला पडला की काप लाटेसारखा येतो, आणि वाचवलेलं सगळं रंध्याखाली जातं. म्हणून साल आणि माती आधी खरवडून काढा. कुंपणाच्या कडेचं झाड असेल तर मेटल डिटेक्टर फिरवा. जुनी तार आणि खिळे आत गिळलेले असतात.

इंचाची फळी विकायची असेल तर चिरताना एक इंच एक सूत काढा. वाळल्यावर आणि रंधा मारल्यावर ती इंचाला येते. बरोब्बर इंच काढाल तर सुतार मोजून परत पाठवेल. माझ्या दुकानात रोज बघतो.

खरा पैसा थप्पीत

ओली फळी कोणीही विकतो. सुकलेली, सरळ राहिलेली फळी मिळत नाही, म्हणून तिला भाव आहे. चिरल्या दिवशीच दोन्ही टोकांना रंग लावा. आंब्याला दमट हवेत काही दिवसांतच निळसर डाग पडतात आणि कीडही लवकर लागते, म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात बुडवून काढा. हे औषध पावसात धुऊन जातं, तेव्हा शेड हवीच. जमिनीपासून फूटभर उंच, दीड ते दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, आणि प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर. पट्टी सरकली तर फळी तशीच वाकून सुकते. वर वजन ठेवा.

कोकणात चिरण्याचं काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा. मार्चमध्ये चिरलेलं लाकूड अर्धवट वाळतं तोवर पाऊस येतो आणि फळी पुन्हा ओलावा धरते. तुमचे पैसे त्या थप्पीत सहा-आठ महिने, जाड माल असेल तर वर्षभर अडकणार, हे खेळत्या भांडवलात आजच धरा.

म्हणून माझा सल्ला जरा उलटा आहे. पहिले पैसे शेडमध्ये, पट्ट्यांमध्ये आणि आर्द्रता मोजायच्या मीटरमध्ये घाला. चिराई परवानाधारक वखारीतून करून घ्या. एक हंगाम असा काढा आणि प्रत्येक ओंडक्याचा घेर, लांबी, निघालेल्या आणि विकल्या गेलेल्या फळ्या वहीत लिहा. दरम्यान परवान्याचा अर्ज पुढे सरकू द्या. अर्ज मंजूर झाला तर कुठलं मशीन घ्यायचं, २६ इंची की त्याहून मोठं, हे त्या वहीतल्या घेराच्या रकान्यावरून ठरवा.