लाईन गेली तरी घर चालावं, यासाठी: पॅनेल, बॅटरी आणि महावितरणची वीज यांची जोडणी

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या बऱ्याच घरांना पहिला धक्का भर उन्हात बसतो. महावितरणची लाईन जाते आणि पॅनेल तापत असूनही घरातला पंखा थांबतो. यंत्रणेत बिघाड नसतो. पीएम सूर्यघर योजनेतून बसणारी बहुतेक यंत्रणा ‘ऑन-ग्रिड’ असते. लाईन गेली की तिचा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. डीपी बंद करून खांबावर चढलेल्या लाईनमनकडे आपल्या छतावरची वीज उलटी गेली, तर त्याच्या जिवावर बेतेल.

म्हणून खरेदीआधी दोन कामं वेगळी ओळखा. बिल कमी करणं हे पॅनेल आणि नेट मीटरचं काम. लाईन नसताना घर चालवणं हे बॅटरीचं. दिवसा उरलेले युनिट नेट मीटरमधून महावितरणकडे जातात आणि बिलातून वजा होतात. आर्थिक वर्षाअखेर शिल्लक राहिलेले वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात. हिंगोली शहरात किंवा गावठाणात घरगुती जोडणी असेल, तर दिवसाची सगळी वीज साठवायला मोठी बॅटरी घेणं म्हणजे पैसा अडकवणं. लाईन जाते तेवढ्या तासांपुरती बॅटरी पुरे.

शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्यांचं गणित निराळं. तिथली लाईन शेतीपंपाच्या फीडरवर असेल, तर ती ठरावीक तासच येते. तिथे बॅटरी मोठी लागते, कारण संध्याकाळपासून सकाळपर्यंतचा सगळा भार तिच्यावर येतो. सूर्यघरचं अनुदान मात्र घरगुती जोडणीलाच आहे, हे आधी लक्षात घ्या.

आता वही घ्या आणि लाईन गेल्यावर काय चालू राहायला हवं तेवढंच लिहा. समजा तीन बीएलडीसी पंखे (९० वॅट), पाच एलईडी (४५), राऊटर (१०), मे महिन्याच्या रात्रीसाठी कूलर (१५०), आणि फ्रिज सरासरी ५० वॅट. बेरीज ३४५ वॅट. सहा तास चालवायचं तर दोन युनिटांच्या थोडं वर. ५१.२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच युनिट साठवते. इन्व्हर्टरमधली घट धरून हातात दोन-सव्वादोन येतात. म्हणजे जेमतेम भागतं. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर १०० अँपिअर-तासांची घ्या. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी स्वस्त वाटते, पण १.८ युनिटांपैकी निम्मेच वापरले तर ती टिकते. बोअरची मोटार आणि घरघंटी या यादीत घेऊच नका. मोटार सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते; ती लाईनवरच राहू द्या.

इन्व्हर्टर ‘हायब्रिड’, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लाईन तिन्ही सांभाळणारा हवा, आणि नेट मीटरिंगला चालणारा. राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार बॅटरी असेल तर तिची वायरिंग वेगळी लागते, शिवाय स्वयंचलित आणि हाताने चालणारा असे दोन्ही विलग करणारे स्विच लागतात. अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर ठरतं: दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन आणि त्यापुढे एकूण ७८,०००. पॅनेल देशी बनावटीच्या सेलचंच हवं. बॅटरीचा खर्च आपलाच. तीन किलोवॅटला सुमारे तीनशे चौरस फूट सावलीविना जागा लागते. तोंड दक्षिणेला, कल वीस अंशांच्या आसपास, आणि सांगाडा वळवाच्या वादळाला पुरून उरेल असा.

सगळ्यात जास्त चुका वायरिंगमध्ये होतात, म्हणून वायरमन काम करत असताना शेजारी उभे राहा. यादीतल्या वस्तूंचं सर्किट वेगळ्या बोर्डावर काढून इन्व्हर्टरच्या बॅकअप आउटपुटला जोडायचं. फेज वेगळी काढली तरी न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवण्याची सवय असते. तसं केलं तर आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पडणारा स्विच) सारखा पडतो, इन्व्हर्टर जळू शकतो आणि बंद लाईनच्या न्यूट्रलमध्ये वीज उतरू शकते. बॅकअपचं न्यूट्रलही स्वतंत्रच हवं. अर्थिंग तीन: पॅनेलच्या बाजूचं, घराच्या बाजूचं आणि वीजरोधकाचं. बायपास चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तरी घर लाईनवर चालेल.

गावात संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा आणि तो आकडा सांगूनच इन्व्हर्टर मागा. व्होल्टेज फार उतरलं की इन्व्हर्टर लाईन गेली असं धरतो आणि बॅटरीवर जातो. मग खरोखर लाईन जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते.

सेटिंग करताना आधी सौर, मग लाईन, शेवटी बॅटरी असा क्रम ठेवा. लाईन असताना बॅटरीत किती टक्के राखीव ठेवायचं हे ठरवता येतं. उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत पुन्हा भरते, तेव्हा चाळीस टक्के पुरतात. जुलै-ऑगस्टात झड लागली की सत्तरच्या खाली जाऊ देऊ नका आणि लाईनवरून चार्ज होण्याची परवानगी चालू ठेवा. आखाड्यावर ही परवानगी वर्षभर चालू हवी.

शेवटचा हप्ता देण्याआधी दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा विक्रेत्यासमोर मेन स्विच पाडा. यादीतली प्रत्येक वस्तू चालते का बघा, यादीबाहेरचा प्लग बंद आहे ना तेही तपासा.

बॅटरी पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला ठेवू नका. उन्हाने तिचं आयुष्य घटतं. झोपायच्या खोलीतही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळदीच्या पॉलिशची धूळ आणि ऑक्टोबरात सोयाबीनचं भुसकट पॅनेलवर बसतं, तेव्हा आठवड्याला एकदा भल्या सकाळी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका, आणि बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर मऊ फडक्याने लगेच पुसून घ्या. सांगाड्याचे नटबोल्ट आणि अर्थिंगच्या जोडण्या दरवर्षी मृगाच्या आधी आवळून घ्याव्यात.