पोत्यातले मांजर आणि चक्रवाढ व्याज

आमच्या कोगनोळीत मांजर सहसा कोणी मारत नाही. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आजीच्या पिढीपासून चालत आली आहे. मात्र नकोसे झालेले मांजर पोत्यात घालून दूर सोडण्यात कोणाला पाप वाटत नाही. त्यातून आमचे गाव सीमेवरचे. महामार्गावरून दूधगंगेचा पूल ओलांडून कागलच्या बाजूला मांजर सोडले, की ते परराज्यात गेले आणि आपण सुटलो!

दोन वर्षांपूर्वी असे एक पोते मी स्वतः सायकलवरून नेले होते. नुकतीच पी. यू. सी.ची परीक्षा झाली होती. शेजारच्या काकांची कोंबडीची पिल्ले एका मांजरीने पळवली, म्हणून गल्लीने तिला पकडले आणि मी पुलापलीकडे सोडून आलो. चार-पाच दिवसांनी काकांच्या वखारीतून दुर्गंधी येऊ लागली. तंबाखूच्या पोत्यांमागे मांजराची तीन पिल्ले मरून पडली होती. त्यांची आई मी नेली होती. पुढे महिन्याभरात तिच्या जागी दुसरी दोन मांजरे आली. तेव्हापासून हा प्रश्न मला सोडीना. प्रस्तुत लेख हा त्याच शोधाचा हिशेब आहे.

वाढ कशी होते?

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना चक्रवाढ व्याज शिकवावे लागत नाही. मांजरांची वाढ त्याच रीतीने होते. मांजरी साधारण सहा महिन्यांची झाली की वयात येते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा. एका वेळेस तीन-चार पिल्ले होतात आणि वर्षातून दोन वेळा तरी ती विते. पुष्कळ पिल्ले रोगाने, भुकेने किंवा वाहनाखाली मरतात. जी जगतात ती मुद्दलात मिळतात.

याचे प्रसिद्ध उदाहरण दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील मॅरियन बेटाचे आहे. तेथील हवामान केंद्रात उंदीर फार झाले, म्हणून १९४९ साली पाच मांजरे नेण्यात आली. १९७७ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ३,४०० झाली. अठ्ठावीस वर्षांत पाचाचे चौतीसशे, म्हणजे द. सा. सुमारे २६ टक्के चक्रवाढ दर! त्यांनी बेटावरील समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडला. रोगाचा विषाणू सोडून, बंदुका चालवून आणि सापळे लावून ती मांजरे नाहीशी करायला १९९१ साल उजाडले. निर्जन बेटावर जे केले ते माणसांच्या वस्तीत करता येत नाही, आणि करूही नये.

पोत्याने काय होते?

मांजर नेले तरी गल्लीतले खरकटे, उकिरडा आणि उंदीर जागेवरच राहतात. जेथे अन्न तेथे नवे मांजर येणारच. शिवाय सोडलेल्या मांजराला तेथली मांजरे टिकू देत नाहीत, आणि मागे राहिलेल्या पिल्लांचे काय होते ते मी पाहिले आहे. आपण पुलापलीकडे सोडतो तसे पलीकडचेही आपल्याकडे सोडत असतील. ही केवळ खातेबदल आहे. शिल्लक कमी होत नाही.

उपाय कोणता?

मांजर पिंजऱ्यात पकडावे, पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी, त्याच वेळी रेबीजची लस टोचावी आणि बरे झाल्यावर पहिल्या जागीच सोडावे. गुंगीत असतानाच कानाचे टोक किंचित कापतात. ती खूण पाहून तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. एक-दोन मांजरांनी मात्र भागत नाही; गल्लीतील बहुतेक सर्वांची नसबंदी झाली तरच संख्या उतरू लागते.

आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याखाली २००१ साली भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम आले. त्यांच्या जागी २०२३ साली नवे 'प्राणी जन्मनियंत्रण नियम' आले, तेव्हा नावातला 'कुत्रा' गेला. विष घालून प्राणी मारणे हा तर गुन्हाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली त्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेजाऱ्यांचे म्हणणे

हे सारे मी काकांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "व्हय रं, तुझ्या कायद्यानं माझी पिल्लं परत येणार हाईत काय?" मला उत्तर सुचले नाही. त्यांचे नुकसान खरे होते. ज्याला भूतदया शिकवायची त्याचे गाऱ्हाणे आधी ऐकावे लागते, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून आम्ही तक्रारींची यादीच केली. कोंबड्यांसाठी खुराड्याला बारीक जाळी ठोकली. वाळूच्या ढिगात मांजरे घाण करत, तेथे ताडपत्री घातली. ही घाण गरोदर बाईने साफ करू नये, कारण त्यातून गर्भाला अपाय करणारा रोग होऊ शकतो. रात्रीचे भांडण आणि बोक्यांच्या मुतण्याचा उग्र वास नसबंदीनंतर पुष्कळ कमी होतो. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा.

पलीकडच्या आक्का मांजरांना दूधभात घालत. "मुकं जनावर हाय, उपाशी कसं ठेवू?" हे त्यांचे म्हणणे. त्यांना आम्ही खायला घालू नका म्हटले नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घालावे आणि अर्ध्या तासाने ताटली उचलावी, एवढेच ठरले. २०२३ च्या नियमांतही लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, ठरावीक वेळी आणि घाण न करता खायला घालावे, असेच सांगितले आहे. या शिस्तीचा एक फायदा झाला. मांजरे वेळेवर जमू लागली आणि पिंजरा लावणे सोपे गेले.

आजची शिल्लक

गल्लीत नऊ मांजरे होती. घरोघरी वर्गणी काढून त्यांतील सातांची नसबंदी झाली. वर्गणी देणाऱ्यांत काकाही होते. एक बोका दिसेनासा झाला. एक म्हातारी मांजरी काही केल्या पिंजऱ्यात येईना. ती यंदा पुन्हा व्याली, तीही काकांच्या वखारीत. म्हणजे प्रश्न संपला असे मी म्हणणार नाही. पण या वेळी काकांनी पोते मागितले नाही. "पिल्लं मोठी होऊ देत, मग आईसंगट सगळ्यांना ने दवाखान्याला," एवढेच ते म्हणाले.

विद्यार्थिमित्रांनो, मराठीत आपण 'मांजर' म्हणतो, कन्नडमध्ये 'बेक्कु'. पुलाच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, त्याची भूक एकच. आपल्या दारातला प्रश्न दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकण्यापेक्षा आपल्याच दारात सोडवावा, एवढेच माझे म्हणणे आहे.