चांगली पितळ हौदात घालू नकोस

बाबू, अड्याळला राहून भंगारातून विजेच्या हौदात तांबं काढायचं तू ठरवलंच आहेस, तर आधी हे ऐकून घे. चांगली पितळ हौदात घालायची नाही. भंडारा हे पितळेचं गाव. तिथल्या कासारांनी मोड घ्यावी, मुशीत वितळवावी आणि पुन्हा पितळेचंच भांडं करावं, ही जुनी रीत शहाणपणाची आहे. जस्त 907 अंशांना उकळतं, म्हणून मुशीतून थोडा पांढरा धूर जातो. तेवढी घट धरायची की झालं.

आता विद्युत अपघटनाचा हिशेब कर. भांड्याच्या पितळेत 63 टक्के तांबं धर, बाकी जस्त. पितळ लाल, म्हणजे धन तारेला टांगली की दोन्ही धातू पाण्यात उतरतात, पण समोरच्या पत्र्यावर एकटं तांबं बसतं. जस्त सहजासहजी बसत नाही, ते पाण्यातच राहतं. म्हणजे पत्र्यावर 100 ग्रॅम तांबं चढलं तेव्हा पितळेतून आलं जेमतेम 63-64 ग्रॅम. बाकीचं तुझ्याच हौदातल्या मोरचुदाच्या पाण्यातून गेलं. ते भरून काढायला 140 ग्रॅम मोरचूद लागतो, कारण त्यात तांब्याचा वाटा चौथा. मोरचूद विकत आणायचा आणि तांबं करून विकायचं, हा धंदा तुला कोणी शिकवला?

मग हौदात घालायचं काय? ज्यात तांबं भरपूर आहे पण मळलेलं आहे, तो माल. डाग लागलेल्या तारा, मोटारीचं जुनं वाइंडिंग, कल्हईची तांब्याची पातेली. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीत शंभर किलो दगड फोडावा तेव्हा किलोभर तांबं हाती येतं, आणि तुझ्या दारात ते पोत्यानं येणार आहे. फक्त वाइंडिंग जाळून साफ करायचं नाही. वार्निश जळताना जो धूर निघतो तो सगळ्या आळीच्या छातीत जातो.

निम्मं काम माल निवडण्यातच आहे. आधी चुंबक फिरव, लोखंड बाजूला काढ. मग प्रत्येक तुकड्याला कानस मार आणि आतला रंग बघ. वरून पितळेसारखे दिसणारे किती नळ आतून जस्ताचे निघतात ते तुझं तुलाच कळेल. चकचकीत क्रोमचा मुलामा असलेलं काही हौदात जाऊ देऊ नकोस. स्टेनलेसचा पत्रा काळ्या, म्हणजे ऋण तारेला चालतो, लाल तारेला कधीच नाही. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरलं तर ते पाणी विष.

हौद प्लास्टिकचा घे. लिटरभर पाण्याला 180 ग्रॅम मोरचूद आणि 60 ग्रॅम गंधकाचं तेजाब एवढं पुरे. तेजाब पाण्यात ओतायचं, सावकाश, काठीनं ढवळत. पाणी तेजाबात ओतशील तर ते उकळून तोंडावर येईल. खायचा सोडा हाताशी ठेव आणि चष्मा डोळ्यावर, कपाळावर नको. भंगाराला पॉलिस्टरच्या जुन्या साडीची पिशवी शिव. सुती कापड तेजाबात कुजतं. पिशवीत शिशाचा पांढरा गाळ अडतो, कथिलाचाही बराचसा. चांदी असली तर तीही त्याच गाळात सापडते, म्हणून तो न बघता फेकू नकोस. तारेचा चिमटा पाण्याच्या वरच राहिला पाहिजे, बुडाला तर भंगाराआधी तोच विरघळतो.

विजेच्या बाबतीत सगळे घाई करतात. बाजारातला बारा व्होल्टचा चार्जर सरळ जोडला की पत्र्यावर फेस येतो, तेजाबाचे बारीक थेंब उडतात आणि तांब्याऐवजी काळपट भुकटी बसते. एका हौदाला अर्धा व्होल्टही भरपूर. पत्र्याच्या दर 100 चौरस सेंटिमीटरला 2 अँपिअर, त्याच्यावर जाऊ नको. 10 अँपिअरनं आठ तास चालवलंस तर 95 ग्रॅम तांबं मिळेल, किलोला अखंड साडेतीन दिवस. विजेचं बिल यात काहीच नाही, किलोला अर्धं युनिटसुद्धा नाही. सप्लाय मोठा असेल तर हौद एकामागे एक जोड, व्होल्टेज वाटलं जातं.

मीटरपेक्षा मी रंगावर जास्त भरवसा ठेवतो. तांबं गुलाबी आणि घट्ट बसत असेल तर हात लावू नको. तपकिरी, भुसभुशीत झालं की वीज कमी कर. निळं पाणी फिकट पडायला लागलं म्हणजे तांबं संपत आलं. जस्ताच्या पाण्याला रंग नसतो, ते लपून वाढत राहतं. हिरवट झाक आली तर लोखंड किंवा निकेल शिरलंय, निवड पुन्हा तपास. पत्र्यावर गाठी उठल्या तर सरस टाक, चिमटीहूनही कमी. आणि पत्र्याच्या कडांना आधीच मेण चोळून ठेव, म्हणजे तांब्याचा थर सोलून निघतो, छिन्नी लागत नाही.

एक सांगतो, हसू नको. आपल्याच जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मॉयल कंपनीचा कारखाना आहे, तिथेही सेलसाठी लागणारं मँगनीज डायऑक्साइड विजेनंच काढतात. पण तिथे माल चढतो धन टोकावर, आपला चढतो ऋण टोकावर. तिकडचा कोणी जाणकार मदतीला आला तर त्याला चहा पाज, तारा मात्र तू जोड.

राहिलं उरलेलं पाणी. कोणीतरी येऊन म्हणेल, धानाला झिंक सल्फेट घालतातच, हे पाणी बांधीत सोड. सोडायचं नाही. त्यात जस्ताबरोबर भंगारातलं शिसं आणि कॅडमियमही असू शकतं, ते तांदळात उतरतं. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या नाल्याकडे तर ते वळताच कामा नये. तांबं थोडंसं असलं तरी मासोळी मरते. आधी त्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाक, उरलेलं तांबं लाल गाळ होऊन त्यांच्यावर बसेल, ते धुऊन घे. मग पाण्यात कालवलेला चुना थोडा थोडा घाल, जस्त आणि बाकीचं खाली बसेल. हा गाळ छपराखाली वाळव, पावसात भिजू देऊ नको, झाकणाच्या ड्रममध्ये भर आणि ड्रमवर काय आहे ते लिही. तो घ्यायला परवानाधारक माणूसच लागतो, आणि त्याआधी तुला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. तिचा अर्ज आता कर, हौद नंतर घे.