‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ : एकाकीपण आणि ‘मी’चा शोध

लोकप्रिय गीताकडे काव्यसमीक्षा बहुधा पाठ फिरविते. सुरेश भट (१९३२–२००३) यांची ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ ही गझल ‘उंबरठा’ (१९८२) या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटातून, हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात व लता मंगेशकरांच्या स्वरात घरोघरी पोहोचली आणि विरहगीत म्हणून रूढ झाली. हे वर्णन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम रचनाबंध पाहू. प्रत्येक ओळीत ‘लगालगागा’ची चार आवर्तने येतात. रदीफ ‘आहे’, तर काफियाचा अंत्य ध्वनी ‘आत’ असा आहे. हा ‘आत’ कोठे क्रियापदाचा, कोठे नामाचा अंश आहे. अंतर व आरसा या शब्दांना मात्र तो सप्तमीचा प्रत्यय होऊन लागतो. परिणामी शेराच्या शेवटी ‘आत आहे’ असा ध्वनी कानी पडतो. हा श्लेष कवीने हेतुतः योजला, असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु ज्याला बाहेर शोधले ते आतच आहे, हा आशय त्यातून दृढ होतो.

आरशाच्या शेरात निवेदिकेला स्वतःचा चेहराच परका वाटतो. येथे विरह ओळखीच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो. प्रारंभी ती ‘त्याचे’ गीत गाते. शेवटच्या शेरात ‘तिचे’ सूर त्याच्या अंगणात पारिजातासारखे उभे राहतात. स्वामित्वाचा हा पालट महत्त्वाचा आहे. पारंपरिक विरहिणीची ओळख प्रियकराच्या आगमनावर अवलंबून असते. येथे तो न येताही तिचा स्वर उरतो.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेल्या, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेल्या या चित्रपटात स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महाजन महिलाश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते. परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री असल्याचे तिला कळते आणि ती पुन्हा घर सोडते. गझलेतील ‘सखा’ आणि हा पती यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि याच विसंगतीत गीताचे सामर्थ्य आहे. उंबरठा हा आत व बाहेर यांमधील सीमा होय. सुलभा तो ओलांडून बाहेर जाते, तेव्हाच गीत तिला आत पाहावयास लावते.

लासूर स्टेशनसारख्या गावातील विद्यार्थ्याच्या कानावर असे गीत गझलेची व्याख्या शिकण्यापूर्वीच पडलेले असते. अध्यापकाने त्या परिचयापासूनच आरंभ करावा. चाल क्षणभर बाजूला ठेवून शब्द वाचले, तर एकाकीपण ही केवळ उणीव नसून स्वतःची ओळख पटण्याची जागाही असते, हे त्याच्या ध्यानात येईल.