वस्तुसंग्रहालयाची ऑनलाइन सूची : शोध आणि वाचन

कोणत्याही मोठ्या वस्तुसंग्रहालयात दालनांमध्ये मांडलेल्या वस्तूंपेक्षा भांडारात ठेवलेल्या वस्तूंची संख्या पुष्कळ अधिक असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू असून, त्यांपैकी थोड्याच एका वेळी प्रेक्षकांसमोर येऊ शकतात. शिवाय गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शाळेतील विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईची दालने पाहण्याचा योग क्वचितच येतो. वस्तूचे छायाचित्र आणि तिची नोंद संगणकावर उपलब्ध करून देणारी ऑनलाइन सूची ही या दोन्ही अडचणींवरील मोठी सोय होय. मात्र तिचा खरा लाभ घ्यावयाचा तर ती वाचण्याची पद्धत जाणून घेतली पाहिजे.

देशातील व परदेशातील सूची

केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाने ‘म्युझियम्स ऑफ इंडिया’ हे राष्ट्रीय संकेतस्थळ उभारले. त्यासाठी लागणारी ‘जतन’ ही संगणकप्रणाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने विकसित केली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. नवी दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग संग्रहालय, मुंबईचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय यांचा या उपक्रमात समावेश आहे.

परदेशातही हे कार्य झपाट्याने झाले. अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये सुमारे सव्वा लाख कलाकृतींची उत्तम छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांहून अधिक छायाचित्रे विनाशुल्क व विनापरवाना वापरण्यास मोकळीक दिली.

नोंद कशी वाचावी?

सूचीतील प्रत्येक नोंदीत साधारणपणे वस्तूचे नाव, कर्ता, काळ, माध्यम, मोजमाप, प्राप्तीचा मार्ग आणि नोंद क्रमांक ही माहिती असते. बहुतेकजण चित्र पाहून पुढे जातात. वस्तुतः चित्राखालील या ओळींतच अभ्यासाचा आरंभ आहे.

मोजमापाचेच उदाहरण घेऊ. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर याचे १६६० च्या सुमाराचे ‘दूध ओतणारी दासी’ हे चित्र राइक्सम्युझियममध्ये आहे. पडद्यावर ते भिंतभर वाटते. प्रत्यक्षात त्याची उंची ४५.५ सेंटिमीटर व रुंदी ४१ सेंटिमीटर आहे. शिक्षकांनी तेवढा चौकोन फळ्यावर आखून दाखविल्यास, एवढ्या लहान जागेत चित्रकाराने किती बारकावे साधले, हे विद्यार्थ्यांना चटकन उमगेल. याच चित्राच्या पिवळट, सदोष प्रती इंटरनेटवर इतक्या पसरल्या होत्या की, लोकांना मूळ रंगच चुकीचे वाटू लागले. विश्वसनीय प्रतिमा खुली करण्यामागे संग्रहालयाचे हेही एक कारण होते. म्हणून चित्र कोठूनही न घेता शक्यतो मूळ संग्रहालयाच्या सूचीतूनच घ्यावे.

काळ व कर्ता यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यास इतिहासही उलगडतो. अमृता शेरगिल यांची पॅरिसमधील सुरुवातीची चित्रे आणि अजिंठ्याची भित्तिचित्रे पाहिल्यानंतर १९३७ मध्ये त्यांनी काढलेली ‘ब्रह्मचारी’सारखी चित्रे शेजारी ठेवावीत. रंग, आकार आणि मानवाकृतींची ठेवण यांत झालेला बदल विद्यार्थी स्वतःच शोधून काढतील.

शोध घेताना

बऱ्याच सूची इंग्रजीत आहेत. त्यामुळे ‘वीरगळ’ हा शब्द लिहून काही न मिळाल्यास वस्तूच नाही असे समजू नये. ‘हीरो स्टोन’ या नावाने पुन्हा शोधावे. व्यक्तींच्या व गावांच्या नावांची रोमन लिपीतील स्पेलिंगे निरनिराळी असतात. तीही आलटून पालटून पाहावीत. उपयुक्त नोंद सापडताच तिचा क्रमांक टिपून ठेवावा. वस्तूचे शीर्षक बदलू शकते. परंतु क्रमांकावरून ती पुन्हा गाठता येते.

छायाचित्र स्मरणिकेत किंवा भित्तिपत्रकावर छापण्यापूर्वी संबंधित संग्रहालयाचे नियम वाचावेत. भारतीय कायद्यानुसार कलाकृतीवरील स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले असल्याने त्यांची चित्रे या मर्यादेपलीकडे गेली आहेत.

नोंदीचे मोल

नोंद ही वस्तूची राखणदारही असते. तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीस गेलेली नटराजाची कांस्यमूर्ती २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने मोठी रक्कम मोजून विकत घेतली. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहात, मूर्ती मंदिरात असताना घेतलेली छायाचित्रे जपून ठेवलेली होती. त्यांच्याशी ताडून पाहता मूर्तीची ओळख पटली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ती भारताला परत मिळाली. ते छायाचित्र नसते, तर गावाचा दावा सिद्ध करणे अतिशय कठीण झाले असते.

आपल्या गावांतील वीरगळ, सतीशिळा, मंदिरांतील सुट्या मूर्ती यांपैकी कितींची अशी नोंद आहे, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःस विचारावा. हे काम खर्चाचे नाही. शिक्षक व विद्यार्थी यांच्या साहाय्याने प्रत्येक वस्तूची समोरून, मागून व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. उंची, रुंदी, दगड की धातू, असल्यास शिलालेख, नेमके ठिकाण आणि नोंदीची तारीख लिहावी. एक प्रत पंचायतीच्या दप्तरी ठेवून दुसरी राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे पाठवावी. सहज उचलून नेता येतील अशा मूर्तींचे ठिकाण मात्र समाजमाध्यमांवर जाहीर करू नये. तसेच वस्तू हलवू, घासू किंवा रंगवू नयेत.

मोठ्या संग्रहालयांच्या सूची अशाच एकेका नोंदीतून उभ्या राहिल्या आहेत. त्या वाचावयास शिकलेला विद्यार्थी आपल्या गावाची सूचीही लिहू शकेल, आणि गावाची वस्तू गावाचीच आहे हे सांगणारा पुरावा गावाच्या हाती राहील.