जुलाब थांबल्यावरही

जुलाब थांबले की माणूस बरा झाला, असं आपण धरून चालतो. एखादी सलाईन, दोन दिवस मऊ भात आणि ताक, तिसऱ्या दिवशी कामावर. आतड्यात शिरलेला जंतू मात्र इतक्या लवकर मुक्काम हलवत नाही. हे मी स्वतः भोगलं आहे, म्हणून लिहितो.

मे महिन्यातली वणी. पारा 45 अंशांच्या आसपास. गावाबाहेरच्या शेतात नवसाचं जेवण होतं. आंब्याखाली एका लाकडी पाटावर कोंबड्या तोडल्या, पाटावर तांब्याभर पाणी ओतलं आणि तिथेच, त्याच सुरीने कांदा-काकडी चिरायला घेतली. काकडीच्या फोडींना पाटाचं गुलाबी पाणी लागत होतं. दुपारी उरलेला रस्सा आणि भात गंजात झाकून ठेवला आणि रात्री आलेल्यांना नुसता कोमट करून वाढला. कुणीतरी विचारलंच, तर आचारी म्हणाला, "दुपारचंच तं आहे जी, वास कुठं येऊन राह्यला?" वास खरंच येत नव्हता. आजारी पाडणारे जंतू अन्नात वाढले तरी बरेचदा वास, चव, रंग काहीच बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी ताप, पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब. सोबत जेवलेले बहुतेक जण आठवड्याभरात सावरले. माझं पोट पुढे कितीतरी दिवस ताळ्यावर येईना. शेवटी शौचाचं कल्चर केलं, त्यात साल्मोनेला नावाचा जंतू निघाला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो रोजच्या गोळ्यांचा. मी ॲसिडिटीची गोळी घेत होतो. जठरातलं आम्ल हा जंतूंपुढचा पहिला अडसर. गोळीने ते कमी झालं की नेहमीपेक्षा जास्त जंतू जिवंत खाली उतरतात. तेलकट जेवणाच्या आडोशानेही काही निसटतात. साल्मोनेला तर आम्ल वाढत जाताना आपल्या पेशीत बचावाची प्रथिनं तयार करून घेतो. लहान आतड्यात पोचला की बारीक तंतूंनी अस्तराला चिकटतो आणि सुईसारख्या अवयवातून आपली प्रथिनं अस्तराच्या पेशीत सोडतो. मग ती पेशीच त्याला आत ओढून घेते. जंतू गिळून मारणं हे ज्या पांढऱ्या पेशींचं काम, त्यांच्या पोटातही तो तग धरतो. आतड्याला सूज आली की तिथले नेहमीचे जंतू हटतात, आणि सुजेतून तयार झालेली काही रसायनं वापरून हा मात्र फोफावतो.

नेहमीचे जंतू म्हणजे आपलं संरक्षण. भरलेल्या जनरल डब्यासारखी त्यांनी आतड्यातली जागा अडवलेली असते, नव्याला पाय ठेवता येत नाही. जुलाब लागले की मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या दोन-चार गोळ्या आणायच्या, ही सवय मला म्हणूनच सगळ्यात घातक वाटते. त्या गोळ्या हा डबा रिकामा करतात. 1954 साली अमेरिकेत उंदरांना स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं, तर एरवी लागण व्हायला लाखभर साल्मोनेला लागत, तिथे दहासुद्धा लागले नाहीत. साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात अँटिबायोटिकने जंतूचा मुक्काम उलट लांबू शकतो. तान्ही मुलं, म्हातारी माणसं, फार आजारी रुग्ण यांची गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांनी ठरवावं. ॲसिडिटीची गोळीही मनाने बंद करू नका, पण ती अजून लागते का, हे एकदा विचारा.

आता त्या झाकून ठेवलेल्या गंजाबद्दल थोडं. काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. त्यातला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स 43 ते 45 अंशांत दहाएक मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे आपला उन्हाळा त्याच्या सोयीचाच. मोठ्या भांड्यात झाकलेलं अन्न मध्यभागी तासन् तास कोमट राहतं. उरलेलं लगेच पसरट परातीत काढून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. शेतात ती सोय नसेल तर तेवढंच रांधा. शिळ्या भातातलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही. उपवासाचं अन्नही यातून सुटत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले आणि झाडांना दोऱ्या बांधून सलाईन लावावी लागली.

जुलाबात ओआरएस हेच खरं औषध. मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात, अर्धं-पाऊण करू नका. शौचात रक्त, उतरत नसलेला ताप किंवा लघवी कमी झाली तर दवाखाना गाठा.

बरं वाटल्यावरही शौचातून साल्मोनेला काही आठवडे बाहेर पडत राहतो. त्याचा भाऊबंद असलेला टायफॉइडचा जंतू तर काहींच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतो, आणि त्या माणसाला काहीच होत नाही. म्हणून भंडारा असो की तेरवी, आचारी आणि वाढप्यांना आधी विचारा, जुलाब कधी थांबले. थांबून पूर्ण दोन दिवस झाले नसतील तर त्यांना त्या दिवशी दुसरं काम द्या. आणि संडासाजवळ पाण्याच्या बादलीशेजारी साबण ठेवा.